मागचे अंक

आमच्या गावात ‘एकच षटकार’ या पाक्षिकाचा ताजा अंक कधी आलाच नाही. आले ते सगळे मागचे अंक, आणि तेही वर्षातून एकदाच, गठ्ठ्यानं. हे जरा समजावून सांगायला हवं.

गाव धारूरच्या घाटाजवळचं. रान मुरमाड, पाणी पावसाचं. दसरा झाला की गावातली निम्म्याहून जास्त घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे दहा-पंधरा कोयते मिळून एक टोळी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या कारखान्यांवर कोप्या टाकून राहायचं. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. माझे वडील आणि माय असे जात, आणि सातवीनंतर शाळा सुटल्यावर माझा थोरला भाऊही जाऊ लागला. त्याला आम्ही दादा म्हणायचो. मी धाकटा, आजीजवळ राहून शाळा शिकायचो. साखरशाळा वगैरे गोष्टी पुष्कळ पुढच्या.

दादा आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून हा अंक घ्यायचा. वडिलांना ते आवडायचं नाही. उचल अंगावर असताना चेंडूफळीच्या पुस्तकावर पैसे घालणं त्यांना पटायचं नाही, आणि आज बाप झाल्यावर मला त्यांचंही म्हणणं कळतं. दादा अंक वाचून झाला की कोपीच्या आढ्याला खोचून ठेवायचा. गावी परतताना तो गठ्ठा भांड्याकुंड्यांत, गोधड्यांत बांधून ट्रकमधून यायचा. उसाच्या पाचटाचा आणि चुलीच्या धुराचा वास त्याला असायचा. अशा रीतीनं हिवाळ्यात झालेल्या कसोट्या आमच्या गावात एप्रिलच्या उन्हात पोचत. निकाल रेडिओवर केव्हाच कळलेला असायचा. तरी आम्ही पोरं पारावर बसून ते अंक असे वाचायचो, जसं काही पुढं काय होणार ते अजून ठरायचं आहे.

ज्यांना हे पाक्षिक आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जून १९८३ मध्ये लॉर्ड्‌सवर भारतानं १८३ धावांत बाद होऊनही वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं आणि विश्वचषक जिंकला. त्या विजयानं देशभर क्रिकेटची जी लाट आली, त्या काळातलं हे पाक्षिक. संपादक संदीप पाटील. म्हणजे ज्यानं अ‍ॅडलेडला १७४ धावा कुटल्या, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले आणि विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद ५१ केल्या, तो. कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी. ते व्यवसायानं सिव्हिल इंजिनिअर, मुंबई महापालिकेत नोकरीला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी माणसांना आपलं बालपण आठवलं असेल. पाक्षिकाच्या नावात गडकऱ्यांच्या नाटकाची गंमतशीर आठवण होती. आम्हाला त्या वयात गडकरी ठाऊक नव्हते, षटकार मात्र ठाऊक होता.

क्रिकेटवर मराठीत त्याआधी कुणी लिहीत नव्हतं असं नाही. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या पानाला मान मिळवून दिला होता. बाळ ज. पंडितांच्या तोंडून मराठी समालोचन ऐकून खेड्यातल्या माणसाला ‘यष्टी’ आणि ‘क्षेत्ररक्षण’ हे शब्द पाठ झाले होते. पण दैनिकाचं पान संध्याकाळी भाकरीखाली जातं आणि समालोचन हवेत विरतं. हातात धरून पुन्हा पुन्हा वाचायचं, उशाशी ठेवायचं, त्यातलं चित्र भिंतीला लावायचं असं जे काही होतं, ते ‘स्पोर्ट्‌सवीक’ किंवा ‘स्पोर्टस्टार’सारखं इंग्रजीत होतं. सातवी शिकलेल्या ऊसतोड्या पोराला मराठीत असं काही मिळणं, ही गोष्ट लहान नव्हती.

आता मूळ विषयाकडं येतो. जानेवारी १९८८. वेस्ट इंडिजचा संघ भारतात आलेला, आणि मद्रासला शेवटची कसोटी. रवी शास्त्री कर्णधार. नरेंद्र हिरवाणी नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पहिलीच कसोटी खेळत होता. त्यानं पहिल्या डावात ६१ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ८ बळी घेतले. पदार्पणातले सोळा बळी. यष्टीमागं किरण मोरेनं सामन्यात सहा जणांना यष्टिचीत केलं. भारत २५५ धावांनी जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली. दादाही तेव्हा हिरवाणीच्याच वयाचा. बैलगाडीच्या खुंट्याला ट्रान्झिस्टर अडकवून त्यानं हा सामना ऐकला. समालोचन हिंदी आणि इंग्रजीत आळीपाळीनं असायचं. इंग्रजी सुरू झालं की टोळीतली माणसं विचारायची, “आता काय झालं रे?” आणि दादा फक्त प्रेक्षकांच्या आवाजावरून सांगायचा.

सामन्यानंतर खेळपट्टीवरून बरीच बोलणी झाली. कोरडी ठणठणीत, गवताचं पातं नाही, पहिल्या दिवसापासून धूळ उडते, अशी खेळपट्टी मुद्दाम केली का, वगैरे. दादानं ते सगळं वाचलं आणि पंधरा पैशांचं एक कार्ड घेऊन पाक्षिकाला पत्र लिहिलं. ते छापून आलं. एप्रिलमध्ये गठ्ठा गावी आला, तेव्हा तो अंक सगळ्यात वर होता.

पारावर त्यानं ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्र गवताविषयी होतं एवढं मला पक्कं आठवत होतं. आणि आम्ही सगळे हसलो होतो, हेही. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो. सहावीत होतो. एवढा पेपरात लिहायला मिळालं, तर गावसकरचं विचारायचं, कपिलचं विचारायचं, हा गवताचं काय विचारतो! दादाही हसल्यासारखं करून अंक मिटून आत गेला. त्यानंतर त्यानं कुठं पत्र लिहिल्याचं मला माहीत नाही.

दादा २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. शेवटची वीस वर्षं तो तोडीला जात नव्हता, गावातच छोटं दुकान चालवायचा. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर ऑगस्ट २००२ मध्ये हेडिंग्लेला सलामीला जाऊन ६८ धावा करून आला, त्या दिवशी त्यानं दुकानात पेढे वाटले होते, तेही उधारीत. दिवस झाल्यावर एका संध्याकाळी माय म्हणाली, “त्याचं ते पुस्तकातलं पत्र होतं ना, ते वाचून दाखव मला. त्या टायमाला मी भाकरी करीत होते. ऐकलंच नाही.”

मायला वाचता येत नाही. मी इतिहासाचा शिक्षक. पन्नास वर्षांपूर्वीची, शंभर वर्षांपूर्वीची साधनं कशी शोधायची हे मुलांना शिकवतो. तेहतीस वर्षांपूर्वीचा, हजारोंच्या हातांत गेलेला एक अंक शोधायला काय वेळ लागणार, असं मला वाटलं. चार वर्षं लागली.

सुरुवात अर्थात घरापासून. गठ्ठा नव्हता. मातीचं घर पाडून सिमेंटचं झालं तेव्हाच बरंच काही गेलं होतं. पण खरं सांगायचं तर अंक त्याच्याआधीच गेले होते, आणि ते आम्हीच घालवले होते. मधल्या पानांवरची रंगीत चित्रं मी स्वतः पिठाच्या खळीनं भिंतीला चिकटवली होती. त्या खळीला झुरळं आणि कसर लागून दोन पावसाळ्यांत चित्रं गळून पडली. उरलेल्या पानांची जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं झाली. त्या कागदाची गुळगुळीत कव्हरं वर्गात भाव खाऊन जायची. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर कपिल देव होता आणि गणितावर रिचर्ड्‌स. पुस्तकं पुढच्या वर्षी निम्म्या किमतीला खालच्या वर्गात गेली, कव्हरांसकट. ज्यांना हे पाक्षिक सगळ्यात जास्त आवडायचं, त्यांनीच ते कात्रीनं संपवलं. छंदाच्या मासिकांचं बहुधा सगळीकडं असंच होतं.

मग मी रद्दीवाल्यांकडं गेलो. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तोवर जिल्ह्याच्या बहुतेक भागात नवा अंक यायचा तोही एसटीनं किंवा टेम्पोनं, आणि रद्दी जायची तीही तशीच. रद्दीवाल्यांचं एक शास्त्र असतं. वर्तमानपत्राचा कागद वेगळा, वह्यांचा वेगळा, पुठ्ठा वेगळा. गुळगुळीत कागदाला ते ‘चिकणा’ म्हणतात, आणि किराणावाल्याला तो नको असतो, कारण त्याची पुडी नीट दुमडत नाही. माजलगावच्या एका दुकानदारानं मला शांतपणे सांगितलं, “सर, चिकणा माल आमच्याकडं आठ दिवससुद्धा राहत नाही. तुम्ही तेहतीस वर्षं उशिरा आलात.”

तरी हात हलवत आलो असं नाही. केजजवळच्या एका सलूनमध्ये आरशाखालच्या ड्रॉवरात, वस्तऱ्याच्या जुन्या पात्यांबरोबर, चार सुटी पानं मिळाली. सलूनमालक म्हणाला, वडिलांच्या काळात गिऱ्हाइकासाठी घेत होतो, ही पानं ड्रॉवरला अंथरलेली राहिली. पानांवर तारीख नव्हती, पाक्षिकाचं नावही नव्हतं. पण एका पानावर नागपूरच्या सामन्याचं वर्णन होतं, त्यात गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या होत्या आणि चेतन शर्मानं हॅट्‌ट्रिक घेतली होती. म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८७, न्यूझीलंडविरुद्ध, विश्वचषक. एकदिवसीय सामन्यातलं गावसकरचं ते एकुलतं एक शतक. पान नोव्हेंबर १९८७ च्या अंकातलं, हे झालं ठरलं. ताम्रपटावर शक नसला तर आपण राजाच्या नावावरून काळ काढतो, तसंच हे. नंतर मला याचा नादच लागला. एखाद्या चिटोऱ्यावर नुसता धावफलक असला तरी महिना सांगता येऊ लागला. मायला मात्र यात काही रस नव्हता. तिला गावसकर नको होता.

तो नागपूरचा सामना दादानं कारखान्यावर जाताना ट्रकच्या टपावर बसून ऐकला होता, हे मला ते पान हातात आल्यावर आठवलं. बार्शीच्या पुढं कुठंतरी बॅटरी संपली आणि हॅट्‌ट्रिकचा तिसरा बळी त्याला दुसऱ्या दिवशी कळला.

आता ग्रंथालयांविषयी. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग होतात आणि वर्गाप्रमाणं अनुदान मिळतं. आमच्या भागातली बहुतेक गावची वाचनालयं शेवटच्या वर्गातली. एक खोली, दोन कपाटं, दैनिकांसाठी एक लाकडी बाक. तिथं पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, ते हरवलं तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. पाक्षिकाला असा क्रमांक नसतो. ते येतं, टेबलावर पडतं, वाचकांच्या हातांत झिजतं आणि वर्षअखेर रद्दीत जातं. यात वाचनालय चालवणाऱ्यांचा दोष मला काढायचा नाही. तेवढ्या पैशांत दिवाबत्ती आणि एका माणसाचं मानधन भागवायचं म्हणजे रद्दी विकावीच लागते. बांधणीला पैसे कुठून येणार?

मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते, आणि १९५६ पासून त्यात नियतकालिकंही आली. कागदावर सगळं आहे. पण माझ्यासारख्या माणसानं एका पत्रासाठी कोलकात्याला जायचं का, हा प्रश्न होता. एका ग्रंथालयानं कळवलं की खेळविषयक पाक्षिकं बांधून ठेवण्याची पद्धत नाही. हे उत्तर प्रामाणिक होतं आणि मला फार विचारात पाडणारं होतं.

कारण मराठी नियतकालिकांच्या बाबतीत आपण तसे बेफिकीर नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, ही तारीख शाळकरी मुलांना पाठ असते. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी नियतकालिकांची सूची केली. ती चाळताना माणूस थक्क होतो. कुठल्या गावी कुठल्या छापखान्यात काय निघालं आणि किती दिवस चाललं, याचा त्यांनी माग काढला. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक बघायचा असेल तर कुठं चौकशी करायची, हे आज अभ्यासकाला सांगता येतं. पण ते सगळं १९५० ला थांबतं. त्यानंतर कागद स्वस्त झाला, छपाई वाढली, एसटी खेडोपाडी पोचली, आणि ज्याला ‘वाङ्मय’ म्हणत नाहीत असं अफाट काहीतरी छापलं जाऊ लागलं. सिनेमाचं, क्रिकेटचं, विणकामाचं, पाककृतींचं, लॉटरीचं. ते सगळ्यांनी विकत घेतलं, म्हणून कुणीच जपलं नाही. शंभर छापलेल्या प्रतींतली एक टिकते, कारण ती दुर्मिळ आहे हे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी माहीत असतं. हजारोंनी खपणाऱ्या अंकाबद्दल प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याकडं असेलच.

आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा संतकवी. त्यानं सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलं, आणि ते चारशे वर्षं टिकलं. मी विद्यार्थ्यांना ती दाखवायला नेतो. एकदा तिथून परतताना एसटीत बसल्या बसल्या मनात आलं, कापड चारशे वर्षं राहतं आणि १९८८ चा कागद चाळीस वर्षंही पुरत नाही. मग माझं मलाच हसू आलं. पासोडी काही आपोआप राहिली नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ती घडी घालून ठेवत आलं.

अंबाजोगाईतच एक निवृत्त गृहस्थ भेटले. क्रिकेटवेडे. त्यांच्याकडं एका पत्र्याच्या पेटीत या पाक्षिकाचे सात अंक होते, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले. मला वाटलं, संपला शोध. त्यांनी एकेक अंक दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवला. सातही १९८८ नंतरचे. वाचकांच्या पत्रांचं पान मी प्रत्येक अंकात वाचलं. कुठल्या कुठल्या गावांची नावं होती! त्या पानावर मुंबई-पुण्याची सत्ता नव्हती. खेळाडू सगळे शहरातले, पत्रं मात्र कुठल्याही वाडीवरून. त्यांनी मला अंक घरी न्यायला दिले नाहीत, आणि बरोबर केलं.

निघताना ते म्हणाले, “तुमच्या भावानं अंक घेतला कुठं? आपल्याकडं की तिकडं?”

तिकडं. एवढी साधी गोष्ट मला तीन वर्षांत सुचली नव्हती. मी बीड जिल्ह्यात शोधत होतो, आणि अंक मुळात इकडं विकलाच गेला नव्हता. जिथं ऊस तिथं पैसा, जिथं पैसा तिथं स्टॉल, वाचनालय, बांधणी. आमची माणसं तिकडं जाऊन राबली आणि वाचलेलं गोधडीत बांधून घेऊन आली, एवढंच.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सांगली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी गेलो. अंबाजोगाई, सोलापूर, पंढरपूर करत. ज्या रस्त्यानं टोळ्या जायच्या, जवळजवळ त्याच रस्त्यानं. हंगाम सुरू होत होता. दोन ठिकाणी आमच्याकडचे ट्रक दिसले. वर माणसं, पोरं, शेळ्या, कोंबड्यांच्या डालग्या. दादाच्या काळात ट्रान्झिस्टर होता, आता पोरांच्या हातात मोबाइल होते. बाकी मला फार फरक दिसला नाही.

तिथलं वाचनालय जुनं, दुमजली. मी ग्रंथपालांना काय हवं ते सांगितलं. ते चाळिशीचे असतील. त्यांनी माळ्यावरून एक बांधीव खंड काढला. पाठीवर शाईनं लिहिलेलं, ‘षटकार, १९८७–८८’. मी म्हणालो, तुमच्याकडं अनुदान चांगलं म्हणून तुम्हाला बांधणी परवडते. ते हसले. “अनुदानातून नाही हो. आधीचे ग्रंथपाल गावच्या संघाचे यष्टिरक्षक होते. स्वतःच्या खिशातून बांधून घेतले त्यांनी. एवढा एकच खंड आहे. पुढं त्यांची बदली झाली की पैसे संपले, ठाऊक नाही.” अनुदानाविषयीची माझी सगळी मांडणी तिथल्या तिथं थोडी लंगडी पडली.

मार्च १९८८ च्या अंकात पत्र होतं. डाव्या पानावर, खाली. झेरॉक्स मशीन बंद होतं, आणि खंड इतका करकचून बांधलेला की मोबाइलनं फोटो घेतला तर शिवणीकडची अक्षरं आत जात होती. म्हणून मी ते हातानं उतरवून घेतलं. मजकूर एवढाच:

“मद्रासच्या खेळपट्टीवर गवत नव्हतं म्हणून चेंडू वळला असं सगळे म्हणतात. आम्ही ऊस तोडणारी माणसं आहोत. रान मोकळं झालं की दुसऱ्या दिवशी तिथं धूळ उडते हे आम्हाला माहीत आहे. पण खेळपट्टीवरचं गवत कोण कापतं, किती कापायचं हे त्याला कोण सांगतं, त्याला रोज किती मिळतो आणि तो सामना बघतो का, हे कुणी लिहीत नाही. ते लिहावं.”

खाली दादाचं नाव. त्यापुढं ‘ऊसतोड कामगार’ आणि कारखान्याचा पत्ता, आणि शेवटी कंसात आमच्या गावाचं नाव. ते पानाच्या कडेला आलेलं. बांधणी करताना कडा कापतात, त्यात नावाची शेवटची दोन अक्षरं गेली होती.

मी तिथं बराच वेळ बसलो. ग्रंथपालांनी चहा मागवला. कुणाचं पत्र, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “आमच्याच कारखान्यावर होते की.” मग थोडं थांबून म्हणाले, “गवताचं खरंच कुणी लिहीत नाही.”

गावी आल्यावर मायला वाचून दाखवलं. ती दारात बसून शेंगा फोडत होती. एकदा वाचलं, तिनं पुन्हा वाच म्हटलं. दुसऱ्यांदा वाचताना मी ‘रोज किती मिळतो’ इथं आलो तेव्हा तिनं हात थांबवला. सगळं झाल्यावर म्हणाली, “मंग? सांगितलं का त्यांनी?”

ते मी बघितलंच नव्हतं. पत्र सापडल्याच्या भरात पुढची पानं उलटायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचनालयाला फोन लावला. ग्रंथपालांनी माळ्यावरून खंड पुन्हा काढला आणि पाहून सांगितलं, तो अंक त्यातला शेवटचा आहे. एप्रिल १९८८ पासूनचे अंक त्यांच्याकडं नाहीत. अंबाजोगाईच्या पेटीतले सात त्याच्या बऱ्याच नंतरचे.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी, आणि आता हे वाचणाऱ्यांपैकी, कुणाकडं ‘एकच षटकार’चे एप्रिल, मे, जून १९८८ चे अंक असतील तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. माळ्यावर बघा, पेटीत तळाला अंथरलेले कागद बघा, आजीच्या पोथीचं कव्हर उलटून बघा. अंक द्यायची गरज नाही. वाचकांच्या पत्रांचं पान आणि त्याच्या आजूबाजूची दोन पानं वाचून, मैदानावरचं गवत कापणाऱ्या माणसाविषयी काही छापलं आहे का, एवढंच कळवा. माय विचारते आहे.